बॅटरीविना बोलणारा टॅग आणि त्याला अडवणारे पाणी

मोठ्या दुकानातून घेतलेल्या शर्टाला किंवा बुटांना किमतीचे जे पुठ्ठ्याचे लेबल लोंबत असते, ते फेकून देण्याआधी एकदा खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहावे. पुष्कळदा त्याच्या आत ॲल्युमिनियमची, नागमोडी वळणे घेत गेलेली एक पातळ पट्टी दिसते आणि तिच्या मधोमध मोहरीच्या दाण्याहूनही लहान असा काळा ठिपका दिसतो. पट्टी म्हणजे अँटेना आणि ठिपका म्हणजे चिप. एवढ्या दोनच वस्तूंचा आरएफआयडी टॅग होतो, म्हणजे रेडिओ लहरींच्या साहाय्याने वस्तूची ओळख पटवणारी चिठ्ठी. त्यात बॅटरी नसते. मोटारीच्या काचेवर आतून चिकटवलेल्या फास्टॅगच्या छापील कागदाआडही हीच जोडी बसलेली असते.

या तंत्राबद्दल लिहिताना शहरातली दुकाने आणि गोदामे यांचीच उदाहरणे दिली जातात, कारण तिथे ते सुरळीत चालते. कोकणात मात्र त्याची खरी परीक्षा होते. इथे चार महिने पाऊस असतो, हवेत बाराही महिने खार असतो, माल म्हटला तर आंबा आणि मासळी, म्हणजे बव्हंशी पाणीच, आणि बंदरावर पाहावे तिकडे लोखंड. पाणी आणि लोखंड हेच रेडिओ टॅगचे जुने वैरी असल्यामुळे, या तंत्राला पुढे काय लागणार आहे हे इथल्या किनाऱ्यावरून जितके स्पष्ट दिसते तितके ते वातानुकूलित गोदामातून दिसत नाही.

बारकोड किंवा क्यूआर कोड वाचायचा तर तो समोर दिसावा लागतो. चिखल उडाला, घडी पडली किंवा खोका उलटा ठेवला गेला की वाचन थांबते. रेडिओ टॅग न दिसताही वाचता येतो, एका दमात अनेक टॅग वाचता येतात, आणि साध्या बारकोडात एका प्रकारच्या सर्व डब्यांना एकच क्रमांक असतो तसे न होता प्रत्येक डब्याला स्वतःचा वेगळा क्रमांक देता येतो. मात्र टॅगमध्ये बहुधा या क्रमांकापलीकडे काहीच नसते. फास्टॅगच्या चिपमध्ये पैसे नसतात. पैसे बँकेच्या खात्यात असतात आणि टॅग फक्त 'मी अमुक क्रमांकाचा' एवढेच सांगतो. ही गोष्ट पुढे अनेक ठिकाणी उपयोगी पडणार आहे.

बॅटरी नसताना टॅग बोलतो कसा, हे समजण्यासाठी रत्नदुर्गाजवळच्या दीपगृहाची कल्पना करावी. रात्री समुद्रात एक होडी आहे आणि तिच्यावर एकही दिवा नाही. दीपगृहाचा झोत होडीवर आला की खलाशी हातातला आरसा झोतासमोर धरतो, झाकतो, पुन्हा धरतो. किनाऱ्यावरच्या माणसाला त्या लुकलुकण्यातून निरोप वाचता येतो, जरी खलाशाने स्वतः काडीचाही उजेड निर्माण केलेला नसला तरी. आरएफआयडीचा रीडर, म्हणजे टॅग वाचणारे यंत्र, हे इथले दीपगृह. तो सतत रेडिओ लहरी सोडतो, टॅगची अँटेना त्या झेलते, आणि चिप अँटेनेची जोडणी क्षणोक्षणी बदलून परत जाणारी लहर कमीजास्त करते. आरशाच्या उपमेत एक भर मात्र घालावी लागते, ती अशी की टॅगमधला खलाशी जागा होण्यासाठी लागणारी शक्तीसुद्धा त्याच झोतातून घेतो. आजच्या चांगल्या चिपला जागे होण्यास साधारण १० मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचा एक लाखावा भाग, इतकी शक्ती पुरते.

ही कल्पना काही आजची नाही. १९४५ मध्ये मॉस्कोतील अमेरिकी राजदूताला सोव्हिएत मुलांनी लाकडात कोरलेले अमेरिकेचे राजचिन्ह भेट दिले, आणि त्याच्या आत बॅटरी नसलेले, बाहेरून रेडिओ लहरी सोडल्या तरच चालणारे ऐकण्याचे यंत्र दडवलेले होते. ते सापडायला १९५२ साल उजाडले. परावर्तित लहरींनी संदेश पाठवण्यावर हॅरी स्टॉकमन यांचा शोधनिबंध १९४८ मध्ये आला. परंतु स्वस्त चिपअभावी हे सारे दीर्घकाळ प्रयोगशाळेत आणि लष्करात राहिले. १९९९ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक देण्यासाठी संशोधन केंद्र उभे राहिले, २००३ मध्ये वॉलमार्टने मोठ्या पुरवठादारांकडे टॅगचा आग्रह धरला आणि २००४ मध्ये जगभर चालेल असे 'जेन टू' नावाचे मानक ठरले. आपला फास्टॅग याच मानकाच्या घराण्यातला आहे.

सर्व टॅग एकाच जातीचे नसतात आणि घोटाळा बहुतेक वेळा येथेच होतो. १२५ ते १३४ किलोहर्ट्झच्या संथ लहरींवर चालणारे टॅग अगदी जवळून, काही सेंटिमीटरांवरून वाचले जातात, पण पाण्याची आणि शरीराची त्यांना फारशी अडचण होत नाही. म्हणून पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली घालतात ती तांदळाच्या दाण्याएवढी काचेची चिप याच जातीची असते. १३.५६ मेगाहर्ट्झवर बँकेचे टेकवून पैसे देण्याचे कार्ड, ग्रंथालयातील पुस्तकांचे टॅग आणि नवा ई-पासपोर्ट चालतो. ८६० ते ९६० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले टॅग काही मीटरांवरून वाचले जातात. फास्टॅग, कपड्यांची लेबले आणि कंटेनरवरचे टॅग यात मोडतात. भारतात यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि पुढे तो ८६८ पर्यंत वाढवण्यात आला. या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते आणि अँटेना तिच्या निम्मी, म्हणजे सतरा सेंटिमीटरांच्या आसपास असावी लागते. एवढी लांब पट्टी लहानशा लेबलात मावावी म्हणूनच तिला ती नागमोडी वळणे दिलेली असतात. जाता जाता एक खुलासा: गोठ्यातल्या गाईम्हशींच्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला हा बहुतेक ठिकाणी साधा छापील बारकोडचा बिल्ला असतो. त्यात चिप आहे अशी समजूत वाडीवस्तीवर सर्रास आढळते.

असाच घोटाळा कासवांच्या बाबतीतही होतो. जानेवारी २०२२ मध्ये मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नाव दिलेल्या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर यंत्र बसवून तिला समुद्रात सोडण्यात आले. वर्तमानपत्रांनी त्यालाही टॅगच म्हटले. तो उपग्रहाशी बोलणारा, स्वतःची बॅटरी असलेला प्रक्षेपक होता, आणि कासव श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर आले तरच त्याचा संदेश बाहेर पडत असे. कासवाच्या कातडीखाली घालता येणारी बिनबॅटरीची चिपही असते. पण ती वाचण्यासाठी कासव पुन्हा किनाऱ्यावर यावे लागते आणि रीडर हातात घेतलेला माणूस त्या रात्री तिथे असावा लागतो. पहिले यंत्र महिनोन्‌महिने प्रवास सांगते आणि मग गप्प होते. दुसरे बोलते फार क्वचित, पण त्यात संपण्यासारखे काही नसल्यामुळे ते वर्षानुवर्षे टिकते. कोणते चांगले, हे आपल्याला काय जाणून घ्यायचे आहे यावर अवलंबून आहे.

पृष्ठभागावर येण्याची अट समुद्राच्या पाण्यामुळे पडते. मिठाचे पाणी विजेचे वाहक असल्याने फास्टॅगच्या पट्ट्यातल्या लहरी त्यात काही सेंटिमीटरांतच विरतात. गोडे पाणीही या लहरी शोषते आणि शिवाय अँटेनेचा सूर बिघडवते. मोकळ्या हवेसाठी नेमकी कापलेली अँटेना पाण्याजवळ आली की ती जणू लांबल्यासारखी वागते आणि रीडरच्या लहरीशी तिचा मेळ राहत नाही.

हे मी पुस्तकात वाचले होते, परंतु पटले ते देवगडकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराच्या पॅकिंग शेडमध्ये. एप्रिलचे दिवस होते, पेंढ्याचा आणि पिकत घातलेल्या आढीचा वास शेडभर कोंदला होता, आणि आम्ही हौसेने मागवलेले कपड्यांच्या दुकानातल्या प्रकारचे टॅग आंब्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर चिकटवत होतो. रिकाम्या खोक्यावरचा टॅग हातातल्या रीडरने सात-आठ पावलांवरून सहज वाचला. त्याच खोक्यात आंबे भरले आणि रीडर मुका झाला. खोक्यापासून हातभर अंतरावर नेला तेव्हा कुठे तो एकदा वाजला. आंब्याच्या गरात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणीच असते, आणि टॅग नेमका एका गुबगुबीत फळाला टेकलेल्या पुठ्ठ्यावर बसला होता. खोके फिरवून दुसऱ्या बाजूला, जिथे आत पेंढ्याची जाड गादी होती तिथे टॅग लावला, तेव्हा तो पुन्हा चार पावलांवरून वाचू लागला. दोन बोटे पेंढा एवढाच काय तो फरक. मात्र एकावर एक आठ खोके रचल्यावर मधल्या खोक्यांचे टॅग कोणत्याही बाजूने नीट वाचले जाईनात, आणि त्यावर त्या दिवशी आमच्याकडे उपाय नव्हता.

लोखंडाचा त्रास निराळा आहे. धातू लहर शोषत नाही, परतवतो. पण परतताना ती लहर अशी उलटते की धातूच्या अगदी पृष्ठभागाशी येणारी आणि जाणारी लहर एकमेकींना पुसून टाकतात. साधा टॅग लोखंडी पत्र्यावर चपखल चिकटवला तर तो म्हणूनच जवळजवळ आंधळा होतो. त्याला पत्र्यापासून थोडे वर उचलावे लागते, त्यासाठी मध्ये फोमचा, प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा थर द्यावा लागतो, आणि असा टॅग कागदी टॅगपेक्षा कितीतरी महाग पडतो. उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात २०१६ च्या जुलैपासून आयात-निर्यातीच्या कंटेनरना असे टॅग लावून त्यांचा माग ठेवण्यास सुरुवात झाली. केंद्र सरकार आणि जपानची एनईसी कंपनी यांच्या भागीदारीतून ही यंत्रणा उभी राहिली. बंदराच्या फाटकावर, टोलनाक्यावर आणि कंटेनर यार्डात बसवलेले रीडर तो क्रमांक टिपतात आणि मालाच्या मालकाला कंटेनर कोठवर आला ते घरबसल्या कळते. २०१७ पासून कारखान्यातच सील होणाऱ्या निर्यात कंटेनरसाठी सीमाशुल्क खात्याने इलेक्ट्रॉनिक सील आणले. या सीलमध्ये बोल्ट आणि टॅग एकत्र असतात.

अनेक टॅग एकदम वाचताना एक वेगळीच पंचाईत होते. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती पटकन कळेल, कारण सगळे एकाच वेळी ओरडू लागले तर कोणाचाच भाव ऐकू येत नाही. रीडर या गोंगाटावर युक्ती करतो. तो जाहीर करतो की आता, समजा, सोळा पाळ्या होतील. प्रत्येक टॅग मनाशी एक आकडा धरतो आणि आपली पाळी येईपर्यंत गप्प बसतो. दोघांनी एकच आकडा धरला तर ती पाळी वाया जाते आणि ते पुढच्या फेरीत पुन्हा प्रयत्न करतात. टक्कर फार होऊ लागली तर रीडर पाळ्या वाढवतो, बऱ्याच पाळ्या रिकाम्या जाऊ लागल्या तर कमी करतो. ही देवघेव इतकी वेगाने चालते की अनुकूल परिस्थितीत सेकंदाला शेकडो टॅग वाचून होतात. टोलनाक्यावर प्रश्न उलटा असतो, तिथे टॅग एकच पण तो धावता. ताशी ८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे सहा मीटरचा वाचनपट्टा ती पाव सेकंदाहून थोड्या अधिक वेळात ओलांडते, आणि एक टॅग वाचायला त्याचा अगदी किरकोळ अंश पुरतो. तेव्हा नाक्यावर खोळंबा होतो तो सहसा वेगामुळे नव्हे. एकदा मुंबईहून येताना माझ्याच पुढची मोटार दोनदा मागे-पुढे करूनही वाचली गेली नाही आणि शेवटी नाक्यावरचा मुलगा हातातले यंत्र घेऊन काचेपाशी आला. काचेवर ऊन अडवणारी, धातूचा मुलामा असलेली फिल्म लावलेली होती. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या सर्व नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, पण काचेवर काय लावू नये हे सांगण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

जिथे उपग्रह दिसत नाही तिथेही टॅग कामी येतो. भारतीय रेल्वेच्या 'कवच' या अपघातरोधक यंत्रणेत रुळांच्या मध्ये, स्लीपरवर टॅग बसवलेले असतात आणि इंजिनाच्या तळाचा रीडर ते वाचून गाडी नेमकी कोठे आहे हे ठरवतो. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून गेलेल्या प्रवाशाला मोबाईलवरचा नकाशा कसा एका जागी गोठतो हे ठाऊक आहे. अशा ठिकाणी रुळावरचा बिनबॅटरीचा टॅग कोणत्याही उपग्रहापेक्षा भरवशाचा ठरतो.

आता विश्वासाचा प्रश्न. साधा टॅग विचारणाऱ्या कोणालाही आपला क्रमांक सांगतो, आणि तोच क्रमांक दुसऱ्या कोऱ्या टॅगमध्ये लिहिणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. २०२२ मध्ये गाडीची काच पुसता पुसता मनगटावरच्या घड्याळाने फास्टॅगमधले पैसे चोरणाऱ्या मुलाचा एक व्हिडिओ खूप फिरला. तो बनावट होता, कारण क्रमांक वाचला तरी पैशाची मागणी नोंदणीकृत नाक्याच्या यंत्रणेकडूनच बँकेपर्यंत जाऊ शकते. म्हणजे तिथले संरक्षण टॅगमध्ये नसून मागच्या व्यवस्थेत आहे. जिथे मागची व्यवस्था ढिली, तिथे टॅगलाच स्वतःचे खरेपण सिद्ध करता आले पाहिजे. ई-पासपोर्टची चिप हे करते. छापील पानावरची अक्षरे आधी वाचल्याशिवाय ती रीडरशी नीट बोलतही नाही. स्वस्त टॅगसाठी गुप्त किल्लीने ओळख पटवण्याची सोय २०१३ मध्ये सुधारित मानकात आली, परंतु असे गणित करायला चिपला अधिक शक्ती लागते आणि शक्ती वाढली की वाचनाचे अंतर घटते. दुबळ्या झोतावर चालणारे आणि तरीही फोडता न येणारे हलके कूटलेखन, म्हणजे गुप्त लिपीत बोलण्याची सोय, ही पुढच्या काळातली मोठी गरज आहे. खासगीपणाचाही प्रश्न याला चिकटलेला आहे, कारण बुटातला टॅग दुकानाबाहेर पडल्यावरही बोलत राहतो. मानकात टॅग कायमचा मारून टाकण्याची आज्ञा आहे, पण ती देण्याची शिस्त दुकानात असावी लागते.

हापूसच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यालाही लोक 'जीआय टॅग'च म्हणतात, आणि दोन टॅगांची गल्लत होऊन चिप लावली की बाहेरचा आंबा हापूस म्हणून विकला जाणार नाही अशी आशा धरली जाते. ती मला भाबडी वाटते. टॅग पेटीची ओळख सांगतो, पेटीतल्या फळाची नव्हे. उघडताना फाटणारा टॅग लावला आणि किती कलमांमागे किती टॅग द्यायचे याचा हिशेब चोख ठेवला, तरच त्या क्रमांकाला काही अर्थ उरतो.

खरा उपयोग मला दुसरीकडे दिसतो. तेरा अंश सेल्सियसच्या खाली फार काळ ठेवलेल्या आंब्याला थंडी बाधते, साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. उलट बर्फातली सुरमई जरा तापली तरी ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत उतरते. वाटेत कोठे, किती वेळ, किती तापमान होते हे पेटीनेच सांगितले तर बागायतदार आणि वाहतूकदार यांच्यातला अर्धा वाद मिटेल. तापमान मोजणारे बिनबॅटरीचे टॅग आज मिळतात, पण ते वाचले जातात त्या क्षणाचेच तापमान सांगतात. रीडर नसलेल्या रात्रभरच्या घाटरस्त्यात त्यांचे डोळे मिटलेले असतात. सतत नोंद ठेवायची तर थोडी शक्ती साठवावी लागते, आणि त्यासाठी कागदासारखी पातळ बॅटरी किंवा उन्हातून, कंपनातून, आसपासच्या रेडिओ लहरींतून शक्ती गोळा करण्याचे उपाय शोधले जात आहेत. मोबाईलचे मानक ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेनेही अशा बिनबॅटरीच्या उपकरणांचा विचार हाती घेतला आहे. तसे झाले तर उद्या वेगळा रीडर न लागता मोबाईलच्या मनोऱ्यालाच टॅगशी बोलता येईल.

वारंवारितेचाही घोळ आहे. अमेरिकेत हा पट्टा ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ आहे, त्यामुळे न्हावा-शेवातून निघालेला टॅग दोन्हीकडे चालण्यासाठी रुंद पट्ट्याचा बनवावा लागतो, आणि अँटेना रुंद पट्ट्याची करताना एका जागचा नेमकेपणा थोडा सोडावा लागतो. याहून गंभीर गोष्ट कचऱ्याची. कपड्याच्या लेबलातला टॅग काही रुपयांत पडत असल्याने तो एकदा वापरून टाकला जातो, त्यातले प्लास्टिक, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन वेगळे करणे कोणालाच परवडत नाही. कागदावर छापलेल्या अँटेना आणि चिपविना, नुसत्या धातूच्या आकृतीवरून ओळखले जाणारे टॅग यांवर काम चालू आहे, पण असा टॅग चिपइतका मोठा क्रमांक अजून धरू शकत नाही.

शेडमधला तो बागायतदार आमचा खेळ दुपारभर पाहत होता. त्याने एकच प्रश्न विचारला: वाशीला गेलेला पुठ्ठ्याचा खोका काही परत येत नाही, मग त्याच्यावर टॅग लावायचा कशाला? चिपमधला क्रमांक हजारो वेळा पुसून नवा लिहिता येतो आणि तो अनेक वर्षे टिकतो, हे मी त्याला सांगितले. वाडीतून शेडपर्यंत आंबा ज्या प्लास्टिकच्या क्रेटमधून येतो ते क्रेट मात्र दर हंगामात तेच असतात. पुढच्या हंगामासाठी आम्ही दहा क्रेटच्या मुठीखाली, फळापासून दोन बोटे अंतर राहील अशा खाचेत, प्लास्टिकच्या कवचातले टॅग स्क्रूने बसवले. पावसाळ्यात ते शेडच्या मागे उघड्यावरच रचलेले होते. दिवाळीनंतर तपासले तेव्हा दहापैकी नऊ वाचले. दहाव्याच्या स्क्रूला गंज चढून कवच तडकले होते आणि आत खारे पाणी शिरले होते. आता पितळी स्क्रू लावून पाहणार आहोत.